तिचा फोन काढून घ्यावा का? नववीतल्या मुलीच्या आईला उत्तर

ठाण्यात घोडबंदर रस्त्याला राहणाऱ्या एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची मुलगी चौदा वर्षांची असून नववीत, सकाळच्या शाळेत शिकते. गेल्या सहा-सात महिन्यांपासून ती रात्री उशिरापर्यंत इन्स्टाग्रामवर असते, चिडचिड करते, जेवताना फोन बाजूला ठेव म्हटले की ताटावरून उठून जाते. सहामाही परीक्षेत तिचे गुण घसरले आहेत. कथकच्या वर्गाला ती आवडीने जात असे, तोही तिने सोडला. फोन काढून घेऊन कपाटात ठेवून द्यावा, असे तिच्या वडिलांचे म्हणणे आहे. सोशल मीडियामुळे तिला नैराश्य आले असेल का, आणि फोन काढून घेतला तर ती पूर्वीसारखी होईल का, असे आईने विचारले आहे.

मी बावीस वर्षे ठाण्यात मानसोपचारतज्ज्ञ म्हणून काम करते आहे, आणि त्यातल्या गेल्या बारा-तेरा वर्षांत माझ्याकडे आलेल्या किशोरवयीन मुलांच्या तक्रारींत फोन कुठे ना कुठे असतोच. तरीही तुमच्या दोन्ही प्रश्नांना सरळ ‘हो’ म्हणणे मला शक्य नाही. माझा सल्ला आधीच सांगते. फोन एकदम आणि पूर्णपणे काढून घेऊ नका. रात्री झोपताना मात्र तो तिच्याजवळ राहू देऊ नका, आणि हा नियम घरातल्या सर्वांना लावा. ही दोन वाक्ये एकमेकांच्या विरोधात जाणारी वाटतील. ती तशी का नाहीत, हे नीट समजावून सांगायचे तर थोडे सविस्तर लिहावे लागेल.

सोशल मीडियामुळे नैराश्य येते का, यावर संशोधकांमध्येही मतभेद आहेत. २०१९ मध्ये एमी ऑर्बेन या संशोधिकेने आणि त्यांच्या सहकाऱ्याने ब्रिटन व अमेरिकेतील तीन मोठ्या सर्वेक्षणांतून साडेतीन लाखांहून अधिक मुलांची माहिती तपासली, तेव्हा मुलांच्या मनःस्वास्थ्यात जो फरक दिसतो त्यातला जास्तीत जास्त ०.४ टक्के भाग डिजिटल साधनांच्या वापराशी जोडता येतो, असे त्यांना आढळले. याउलट अमेरिकेचे तत्कालीन सर्जन जनरल, म्हणजे सरकारचे सार्वजनिक आरोग्याचे प्रमुख डॉक्टर, डॉ. विवेक मूर्ती यांनी मे २०२३ मध्ये काढलेल्या सूचनापत्रात, दिवसाला तीन तासांहून अधिक वेळ सोशल मीडियावर घालवणाऱ्या मुलांमध्ये नैराश्य आणि चिंतेची लक्षणे दिसण्याचा धोका दुप्पट असतो, असे नमूद केले. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. लाखो मुलांची सरासरी काढली की गिटारचे धडे पाहून ज्याला उभारी येते तो मुलगा आणि रोज रात्री जिला कोणीतरी रंगावरून हिणवते ती मुलगी, ही दोघे आकड्यांत एकमेकांना पुसून टाकतात. तुमच्यासमोर सरासरी मूल नाही. तुमच्यासमोर तुमची मुलगी आहे, आणि तिच्या बाबतीत काय घडते आहे हे कोणत्याही सर्वेक्षणातून कळणार नाही.

दुसरा मुद्दा कारण आणि परिणाम यांच्या दिशेचा. ऑर्बेन यांच्याच २०२२ च्या अभ्यासात असे दिसले की मुलींमध्ये ११ ते १३ आणि मुलांमध्ये १४ ते १५ या वयांत सोशल मीडियाचा वापर वाढला, तर वर्षभरानंतर आयुष्याबद्दलचे समाधान घटलेले असते. त्याच अभ्यासात उलटा प्रवासही दिसला: आधी समाधान घटते आणि मग वापर वाढतो. माझ्या तपासणीच्या खोलीत मी हे दुसरे चित्र फार वेळा पाहते. मन खचलेल्या मुलाला बाहेर पडण्याचा, बोलण्याचा, वही उघडण्याचा कंटाळा येतो, आणि अंथरुणात पडल्या पडल्या करता येईल अशी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे फोन. घरच्यांना फोन दिसतो. खचलेले मन दिसत नाही. म्हणून तुमच्या प्रश्नात मला सर्वांत जास्त खटकली ती इन्स्टाग्रामची गोष्ट नव्हे, कथक सोडल्याची. आवडीची गोष्ट मूल सहजासहजी सोडत नाही. वर्गात कोणी काही बोलले का, मैत्रिणीशी बिनसले का, पोशाखात आपण कशा दिसतो याची लाज वाटू लागली का, हे तुम्हाला शोधावे लागेल.

एक शब्द मात्र घरात वापरू नका, आणि तो म्हणजे ‘व्यसन’. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात गेमिंगच्या विकाराला स्थान आहे, पण सोशल मीडियाच्या व्यसनाला स्वतंत्र आजार म्हणून स्थान नाही. याचा अर्थ त्रास होत नाही असा मुळीच नाही. त्याच संघटनेच्या युरोप विभागाच्या पाहणीत, वापरावर ताबा न राहणे, फोन नसला की अस्वस्थ होणे, घरी खोटे बोलणे, इतर गोष्टींकडे दुर्लक्ष होणे अशी समस्याग्रस्त वापराची चिन्हे २०१८ मध्ये ७ टक्के मुलांमध्ये होती, ती २०२२ मध्ये ११ टक्क्यांवर गेली. मुलींमध्ये हे प्रमाण १३ टक्के होते. वाढ चिंताजनक आहे, पण म्हणजेच दहातल्या जवळजवळ नऊ मुलांना हे वर्णन लागू होत नाही. ‘तुला व्यसन लागले आहे’ असे रोज ऐकणारे मूल एक तर ते मानून हात टेकते किंवा ऐकणेच बंद करते.

आता झोपेविषयी, कारण तुमच्या घरात आजपासून बदलता येईल अशी ही सर्वांत मोठी गोष्ट आहे. तेरा ते अठरा या वयात रोज ८ ते १० तास झोप लागते. त्यातच या वयात झोप येण्याची नैसर्गिक वेळ पुढे सरकते, कारण झोप आणणारे मेलाटोनिन हे संप्रेरक लहानपणापेक्षा उशिरा वाढू लागते. ‘अकरा वाजले तरी डोळे टक्क उघडे’ ही नेहमीची तक्रार म्हणजे नुसता हट्ट नसतो. सकाळची शाळा असेल तर मूल साडेपाचला उठते. साडेबाराला झोपणारे मूल म्हणजे पाच तास झोपणारे मूल, आणि असे सहा महिने चालले तर चिडचिड, डोकेदुखी, पोटात ढवळणे, वाचलेले लक्षात न राहणे, क्षुल्लक कारणाने रडू येणे हे सगळे फोनवर काही वाईट घडलेले नसतानाही होणारच. हे मूल दहाला झोपले तरी साडेसातच तास मिळतात. ते आदर्श नाहीत, पण पाचांहून ते अडीच तासांनी जास्त आहेत. जिवाला धोका नसेल तर मी अशा मुलांची झोप दोन-तीन आठवडे सुधारून पाहते आणि मगच नैराश्याचे निदान करायचे की नाही ते ठरवते. काही मुले तेवढ्यानेच बरीचशी सावरलेली मी पाहिली आहेत.

झोप मोडण्याबद्दल पडद्याच्या निळ्या प्रकाशाला फार दोष दिला जातो. माझ्या अनुभवात मुलांना जागे ठेवते ती उत्तराची वाट. मैत्रिणीने संदेश पाहिला आहे, निळ्या खुणा दिसत आहेत, आणि उत्तर येत नाही, या अवस्थेत चौदा वर्षांच्या मुलीला झोप कशी लागेल? त्यात रील संपत नाहीत. पुस्तकाचे प्रकरण संपते, मालिकेचा भाग संपतो आणि तिथे माणूस उठतो. इथे उठण्याची जागाच ठेवलेली नाही. बक्षीस दर वेळी न मिळता अधूनमधून, अनपेक्षितपणे मिळाले तर प्राणी तीच कृती चिकाटीने करत राहतो, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवरच्या प्रयोगांत दाखवले होते, आणि वीस कंटाळवाण्या रीलनंतर येणारे एकविसावे मजेशीर रील तेच काम करते. त्यामुळे ‘थोडा मनावर ताबा ठेव’ हा उपदेश मुलांना अपुरा पडतो. फोन हाताशी नसणे हे ताब्यापेक्षा सोपे असते.

हा फोन तिच्या हातात कसा आला, तेही एकदा आठवून पाहा. आज नववीत असलेली मुले २०२० मध्ये तिसरी-चौथीत होती. त्या वर्षी २९ जूनला टिकटॉकवर बंदी आली, जुलैमध्ये इन्स्टाग्रामने भारतात रील सुरू केले, सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्स आणले, आणि नेमक्या त्याच महिन्यांत शाळेने मुलांना फोनसमोर बसवले. आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या हाती फोन आपणच दिला आणि त्याला अभ्यास म्हटले. आजही गृहपाठ शाळेच्या आणि क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो, बऱ्याचदा रात्री नऊनंतर. ठाण्यातल्या कितीतरी घरांत आई आणि वडील दोघेही लोकलने मुंबईला जातात, मूल दुपारी दोनपासून रात्री आठपर्यंत एकटे असते, आणि ‘क्लासला पोहोचले’, ‘घरी आले’ हे दोन संदेश आल्याशिवाय आईला कामावर चैन पडत नाही. या घरांत फोन कपाटात ठेवणे तीन दिवसांहून जास्त टिकत नाही. चौथ्या दिवशी तो आपल्यालाच बाहेर काढावा लागतो, आणि आई-बाबांचे शब्द कितपत खरे असतात ते मूल त्यातून शिकते.

फोन काढून घेण्याला माझा खरा विरोध मात्र आणखी वेगळ्या कारणासाठी आहे, आणि त्यासाठी दोन मुलांविषयी सांगायला हवे. दोघांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

दहावीतली एक मुलगी दिवाळीनंतरच्या आठवड्यात माझ्याकडे आली. ठाण्यात दिवाळीच्या पहाटे राम मारुती रस्त्यावर आणि तलावपाळीला तरुण मुलामुलींची किती गर्दी होते हे तुम्हाला माहीत आहे. तिच्या चार मैत्रिणी एकाच रंगाचे कुर्ते घालून तिथे गेल्या आणि हिला कोणी सांगितलेच नाही. अभ्यंगस्नान करून ओल्या केसांनी तिने फोन हातात घेतला आणि मैत्रिणीच्या स्टोरीत तो फोटो दिसला. ती स्टोरी चोवीस तास राहते. त्या दिवशी तिने ती वीसेक वेळा पाहिली. कोणी पाहिली हे टाकणाऱ्याला कळते, म्हणून आपण परत परत पाहतो आहोत हे लपवण्यासाठी तिने दुसरे खाते उघडले. घरी फराळाला पाहुणे आले होते आणि ही खोलीत फोन घेऊन बसलेली. सणासुदीला सुद्धा हिला फोन सुटत नाही, असे म्हणून आईने दुपारी तो काढून घेतला. माझ्यासमोर तिने त्या फोटोचा जपून ठेवलेला स्क्रीनशॉट उघडला, दोन बोटांनी मोठा केला, आणि मधल्या दोघींच्या खांद्यांमधल्या जागेवर बोट ठेवून म्हणाली, “मी इथे असते.” आई शेजारीच बसली होती. त्या दिवशी आपण काय काढून घेतले हे तिला तेव्हा कळले, कारण ज्या एका व्यक्तीला मुलीने सगळे सांगितले असते, ती नाशिकची मावसबहीण फोनवरच होती.

मैत्रिणींनी वगळणे हे फोनच्या आधीही होते. माझ्याही शाळेत होते. फरक एवढा की तेव्हा ते कानावर येत असे, तेही दोन दिवसांनी आणि अर्धवट. आता ते चित्रासह, त्याच मिनिटाला, आपल्याच घरात येते आणि कितीही वेळा उघडून पाहता येते. माणूस स्वतःचे मोल आसपासच्यांशी तुलना करून ठरवतो, हे मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्ये मांडले, तेव्हा आसपासचे म्हणजे वर्गातली चाळीस मुले होती. रूपाच्या बाबतीत ही तुलना मुलींना विशेष बोचते. २०२१ मध्ये माजी कर्मचारी फ्रान्सिस हॉगन यांनी उघड केलेल्या फेसबुकच्या, म्हणजे इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीच्या, अंतर्गत कागदपत्रांत, स्वतःच्या शरीराबद्दल आधीच वाईट वाटत असलेल्या किशोरवयीन मुलींपैकी ३२ टक्के मुलींनी इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाईट वाटते असे सांगितल्याची नोंद होती. कंपनीला हे ठाऊक होते, आणि आपण मात्र तो सगळा भार मुलीच्या संयमावर टाकतो.

दुसरा मुलगा ऐरोलीचा, अकरावीतला, सोळा वर्षांचा. पोटदुखी आणि कॉलेजला न जाणे या तक्रारीसाठी फॅमिली डॉक्टरांनी त्याला पाठवले होते. सोनोग्राफीत काही निघाले नव्हते. दुसऱ्या भेटीत वडील बाहेर बसल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला, “हे बाबांना सांगणार का?” मी त्याला माझे नियम सांगितले: त्याच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल, किंवा अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक स्वरूपाचा गुन्हा झालेला असेल, तर मला ते कळवावेच लागते, बाकी सारे त्याला विचारूनच. बराच वेळ तो गप्प बसला आणि मग त्याने सांगितले. एका ॲपवर अनोळखी मुलीच्या नावाने मैत्री झाली, व्हिडिओ कॉल झाला, तो रेकॉर्ड करण्यात आला, आणि दुसऱ्या दिवसापासून पैशांची मागणी सुरू झाली. साठवलेले दोन हजार त्याने पाठवले, नंतर आईच्या यूपीआयवरून आणखी पाठवले. धमक्या रात्री अकरानंतर येत. घरी का नाही सांगितलेस, असे मी विचारले. तो म्हणाला, “फोन काढून घेतला असता. मग ते काय करताहेत हे मला कळलंच नसतं.”

हे वाक्य मी नंतर अनेक पालकांना ऐकवले आहे. आपण फोनला मुलाच्या त्रासाचे मूळ समजतो, आणि मूल त्याच फोनला धोक्यावर नजर ठेवण्याची एकमेव खिडकी समजते. ‘काही झाले की फोन जाणार’ हे घरातले समीकरण पक्के झालेले असले, की जी गोष्ट आईवडिलांना सर्वांत आधी कळायला हवी तीच सर्वांत शेवटी कळते. त्या मुलाला मी वडिलांना आत बोलावण्याविषयी विचारले आणि कायद्याने काय करावे लागेल तेही आधीच सांगितले. वडिलांनी सगळे ऐकून घेतले. त्यांचा चेहरा लाल झाला होता, पण ते एवढेच म्हणाले, “उद्या सकाळी आपण दोघं जाऊ.” तक्रार झाली, पैसे पाठवणे थांबले, आणि पोटदुखी त्या आठवड्यातच कमी झाली.

अशी वेळ कोणत्याही घरावर आली तर पैसे देऊ नयेत, कारण दिले की मागणी वाढते. चॅट रागाने पुसून टाकू नये, आधी स्क्रीनशॉट घ्यावेत आणि मग खाते ब्लॉक करावे. १९३० हा सायबर फसवणुकीसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. अठरा वर्षांखालील मुलाच्या बाबतीत हा २०१२ च्या पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या, कायद्याखालचा गुन्हा ठरतो, त्यात मूल आरोपी नसून पीडित असते, आणि हे मुलाला मोठ्याने सांगावे लागते, कारण प्रत्येक मुलाला आधी आपणच तुरुंगात जाऊ असे वाटत असते. ‘टेक इट डाउन’ ही अल्पवयीनांच्या नग्न चित्रांसाठीची विनामूल्य सेवा आहे. तिच्यात चित्र कोणाकडे पाठवावे लागत नाही, फोनमध्येच त्याचा एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या तेवढ्यावरून ते शोधून काढून टाकू शकतात.

म्हणून तुमच्या मुलीशी पहिले बोलणे व्हायचे ते फोनच्या तासांविषयी नसावे. तिला शांत वेळी, वाद नसताना, स्पष्ट शब्दांत सांगा: “फोनवर काहीही झालं, अगदी तुझी चूक असली तरी, मला सांगितल्याबद्दल तुझा फोन जाणार नाही.” हे वचन एकदा दिले की पाळावे लागेल, त्यामुळे वडिलांचेही मन वळवूनच ते द्या. समोरासमोर बसवून विचारपूस केली की मुले मिटून घेतात. स्कूटरवर मागे बसलेले मूल किंवा संध्याकाळी उपवन तलावाकाठी शेजारून चालणारे मूल जास्त बोलते, कारण तिथे डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही. ‘किती वेळ होतीस फोनवर?’ या प्रश्नाला खोटे उत्तर मिळते; ‘आज ग्रुपवर काय चाललं होतं?’ याला कधीकधी खरे मिळते. पहिल्या दिवशी मिळणार नाही. आठवडाभर नुसते ऐका, मध्येच सल्ला देऊ नका, आणि कथकचा विषय तिच्याकडून निघेपर्यंत थांबा. नाहीच निघाला तर हळूच विचारा.

रात्रीची व्यवस्था अशी करा. घरातल्या सर्वांचे फोन रात्री सव्वादहाला हॉलमध्ये एकाच जागी चार्जिंगला लागतील. माझ्या घरी ही जागा फ्रिजवर आहे. सर्वांचे म्हणजे तिच्या बाबांचाही. कामाचा फोन येऊ शकतो अशी अडचण असेल तर आवाज चालू ठेवून तोही तिथेच ठेवावा, उठून घेता येतो. अलार्मसाठी फोन लागतो, असे प्रत्येक मूल म्हणते, तेव्हा साधे गजराचे घड्याळ आधीच आणून ठेवा. गृहपाठाचे ग्रुप तुमच्या फोनवर घ्या आणि नऊनंतर आलेला गृहपाठ तुम्ही वहीत उतरवून द्या. शक्य झाले तर पालकसभेत वर्गशिक्षकांना वेळेविषयी विनंती करा, कारण ही अडचण त्या वर्गातल्या प्रत्येक घरात असते. पहिले चार-पाच दिवस ती चिडेल. त्या चिडण्याला उत्तर देत बसू नका, आणि नियमही सैल करू नका.

तिच्या इन्स्टाग्राम खात्यावर जन्मतारीख कोणती टाकली आहे, तेही तिच्यासोबत बसून पाहा. किमान वय तेरा असल्यामुळे दहाव्या-अकराव्या वर्षी खाते उघडताना अनेक मुले वय वाढवून लिहितात, आणि ॲपच्या हिशेबी त्यांतली काही आज प्रौढ असतात. सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने किशोरवयीनांसाठी वेगळी खाती जाहीर केली. ती आपोआप खासगी राहतात, रात्री १० ते सकाळी ७ सूचना बंद ठेवतात, आणि सोळाखालच्या मुलांना हे नियम सैल करायला पालकांची परवानगी लागते. तिथे तिचे वय प्रौढाचे असेल तर हे नियम तिला लागू होतीलच असे नाही. तिच्या नकळत तिचे संदेश वाचणारे ॲप मात्र बसवू नका. ते एक ना एक दिवस तिला कळतेच, आणि मग ती बोलायची वाट पाहण्यात अर्थ उरत नाही.

तिचे वडील कदाचित ऑस्ट्रेलियाचे उदाहरण देतील, कारण माझ्याकडे येणारे बरेच वडील देतात. तिथे १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना मुख्य सोशल मीडिया ॲपवर खाते ठेवता येत नाही. पण त्या कायद्यात दंड आहे तो कंपन्यांना, ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. मुलाला किंवा पालकाला शिक्षा नाही. आपल्याकडे २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येणारी संमती आणि मुलांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींवर बंदी अशा तरतुदी आहेत. मी स्वतः कंपन्यांवर कडक बंधने यावीत या मताची आहे. वर्गातल्या सर्वांकडे खाते नसणे आणि वर्गात एकटीकडेच नसणे यांत मात्र फार अंतर आहे, आणि कपाटात ठेवलेल्या फोनमुळे तुमच्या मुलीच्या वाट्याला दुसरी स्थिती येते. काही कारणाने फोन थोडे दिवस बंद ठेवायचाच ठरला तर तो भांडणाच्या ऐन भरात हिसकावून घेऊ नका. त्या क्षणी या वयातले मूल पुढचा विचार करू शकत नाही.

तुम्ही सांगितलेली चिडचिड, गुणांतली घसरण आणि आवडीची गोष्ट सोडणे हे सहा महिने टिकले आहे, म्हणून झोप सुधारली तरी एकदा तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या, असे माझे मत आहे. किशोरवयात नैराश्य उदासीपेक्षा चिडचिडीच्या रूपानेही दिसते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले होते, तेव्हा हे काही जगावेगळे नाही. पुढील गोष्टी दिसल्या तर मात्र तीन आठवडे काय, तीन दिवसही थांबू नका: मरणाविषयी किंवा ‘मी नसते तर बरे’ असे बोलणे, हातावर जखमा किंवा उकाड्यातही लांब बाह्या, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, जेवण जवळजवळ बंद होणे, शाळेत जायला ठाम नकार. अशी शंका आली तर तिला सरळ विचारा की जीव द्यावासा वाटतो का. विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही; उलट कोणीतरी विचारले म्हणून मुले रडून मोकळी झालेली मी अनेकदा पाहिली आहेत. उत्तर ‘हो’ आले तर तिला एकटी सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येते; मुलांसाठी १०९८ आहे. ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग आहे आणि १९९० पासून मानसिक आरोग्यासाठी काम करणारी आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्थाही आहे, तेव्हा खासगी डॉक्टरांचा खर्च झेपणार नसेल तरी मार्ग आहे.

तिला आणताना ‘डोळे तपासायला जाऊ’ असे सांगून आणू नका. असे आणलेले मूल दारावरची पाटी वाचते आणि पहिली भेट त्या रागातच जाते. झोप लागत नाही, बरे वाटत नाही, म्हणून जातो आहोत, आणि डॉक्टरांशी तुला एकटीला बोलता येईल, एवढे आदल्या दिवशी सांगा. फोनही तिला सोबत आणू द्या. मुले पुष्कळदा त्यातलेच काहीतरी उघडून दाखवतात आणि मग बोलू लागतात.